सोडून देणे आणि सांभाळणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पुढे महाविद्यालयात माझ्या वर्गात आली आणि त्यांच्या निबंधांतील शुद्ध मराठीवरून मी गुरुजींना ओळखू लागलो. मध्यप्रदेशात राहून मराठी टिकवणे म्हणजे काय, हे येथील श्रोत्यांना मी सांगण्याची गरज नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. तरी पोळ्याला बैल सजतात तसेच, आणि पाडव्याची गुढी उभी राहते तीही तशीच. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, ही त्यात पडलेली अलीकडची भर.

संयोजकांची अपेक्षा होती की मी महानुभाव वाङ्मयावर बोलावे. माझा पीएच.डी.चा प्रबंध त्या विषयाचा, आणि रिद्धपूर येथून काही फार दूर नाही. परंतु विषय माझ्यावर सोपवलेला असल्याने मी जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे. माणसाने सोडवून आणलेले, पण पुन्हा रानात सोडता न येणारे जे वन्यप्राणी असतात, त्यांचे पुढे काय करायचे, या प्रश्नावर मी आज बोलणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हा उद्योग कोणी सांगितला, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिक आहे. माझे उत्तर इतकेच की हा प्रश्न मुळात एका क्रियापदापाशी अडलेला आहे, आणि क्रियापदे हे तर आमचे क्षेत्र.

मराठीत 'सोडणे' हा फार चमत्कारिक धातू आहे. आपण उपास सोडतो, गाव सोडतो, बैल सोडतो. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतो. आणि अखेरीस जीवही सोडतो. त्यातूनच 'सोडवणे' निघाले. संकटातून सोडवणे, सावकाराकडून दागिना सोडवणे, गणित सोडवणे. आणि त्यातूनच 'सोडून देणे' निघाले. या शेवटच्या जोडक्रियापदाकडे नीट पाहा. पोपटाला पिंजऱ्यातून सोडून दिले म्हणजे त्याच्यावर उपकार केले. म्हाताऱ्या आईला देवळाच्या पायरीवर सोडून दिले म्हणजे पातक केले. शब्द एकच, व्याकरणही एकच. मग फरक कशात आहे? ज्याला सोडले त्याला पुढे स्वतःच्या पायांनी जाता येते की नाही, एवढ्यात आहे.

'लीळाचरित्रा'तील सशाची लीळा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असेल. पारध्यांनी कुत्री मागे लावलेला ससा जीव घेऊन धावतो आणि श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी तो मागतात. शरण आलेल्याला देता येत नाही, अशी स्वामींची भूमिका असते. तिच्यापुढे पारध्यांचेही मन पालटते, आणि मग स्वामी सशाला जायला मोकळीक देतात. तेराव्या शतकातील मराठी गद्याचा हा एक नितळ नमुना आहे, आणि मी तो वर्गात कितीतरी वर्षे शिकवला. शिकवताना मुलांचे लक्ष नेहमी पहिल्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे अभयाकडे जाते. मला मात्र उत्तरोत्तर दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व अधिक वाटू लागले. ससा धडधाकट होता, म्हणून ती लीळा तेथे संपली. समजा, कुत्र्यांनी त्याचा पाय तोडलेला असता तर? शरण आलेल्याचे पाऊल उठत नसेल, तर दिलेले अभय किती काळाचे? घटकाभराचे, की त्याच्या आयुष्यभराचे?

आपल्या भागात घडलेल्या एका गोष्टीपासून या प्रश्नाकडे जाऊ. २०१८ सालच्या ऑक्टोबरात चंद्रपूरच्या बाजूने निघालेला एक तरुण वाघ अमरावती जिल्ह्यात शिरला. धामणगावच्या परिसरात त्याने दोन माणसांचा बळी घेतला. पुढे तो मोर्शी-वरूडच्या भागातून, म्हणजे आपल्या शेजारच्या संत्रापट्ट्यातून, सातपुड्याच्या रांगा चढून मध्यप्रदेशात बैतुल जिल्ह्यात आला. ते दिवस येथील शेतकऱ्यांना आठवत असतील. रात्रपाळीची वीज, आणि ओलिताला वावरात एकट्याने जायचे. १९५६ची सीमा त्या वाघाला ठाऊक नव्हती. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांना मात्र ती ठाऊक होती. डिसेंबरात सारणी येथे त्याला बेशुद्ध करून पकडले आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सोडले. तेथून तो पुन्हा सारणीला परतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला पुन्हा पकडावे लागले. मग कान्ह्याचे कुंपण, आणि २०२० साली भोपाळचे वनविहार. सारणीवरून त्याला 'सरन' हे नाव पडले होते. संस्कृत 'शरण' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पण माझ्यासारख्याला तो दिसल्यावाचून राहत नाही.

या हकिगतीत दोन घरांतील माणसे गेली, हे मी प्रथम सांगितले, कारण ते प्रथमच सांगितले पाहिजे. वाघाविषयी कळवळून बोलणारे पुष्कळदा ही ओळ गाळतात आणि मग खेड्यातला माणूस त्यांचे पुढचे काही ऐकत नाही. तो ऐकत नाही यात त्याचा दोष नाही. परंतु ती ओळ उच्चारल्यावर पुढचा प्रश्न उरतोच. या वाघाला मारायचे नाही असे ठरले. रानात सोडून पाहिले, जमले नाही. मग उरते काय? उरते ते आयुष्यभर पोसणे. वाघ रानात साधारण बारा-पंधरा वर्षे जगतो. कोंडवाड्यात, नीट निगा राखली तर, त्याहून अधिक. निर्णय घेणारा अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो आणि वाघ तेथेच असतो.

जे परत जाऊ शकत नाहीत ते का जाऊ शकत नाहीत, याची कारणे निरनिराळी आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. काहींचे अवयव गेलेले असतात. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्याचा पंजा अडकतो, मांज्याने घारीचा पंख कापला जातो. काहींचे शरीर शाबूत असते, पण ते माणसाच्या हातून दूध पिऊन वाढलेले असतात. शिकार आईने शिकवायची असते, आणि आईच नसते. शिवाय माणसाची भीती गेलेली असते, आणि ही भीती हेच रानातल्या प्राण्याचे खरे संरक्षण. तिसरा वर्ग सर्वांत करुण आहे. त्यांना माणसाने आपल्या करमणुकीसाठी मुद्दामच निकामी केलेले असते.

माझ्या लहानपणी सौंसरच्या बाजारात दरवेशी अस्वल घेऊन येई. डमरू वाजला की आम्ही पोरे धावायचो. अस्वल दोन पायांवर उभे राही, सलाम करी. बाया आपली दुखणाईत मुले त्याच्या पाठीवर बसवीत आणि अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधीत. त्या केसाने भूतबाधा टळते, असा समज. अस्वल नाचते ते त्याला नाच आवडतो म्हणून, अशी आमची खात्री होती. त्याच्या नाकपुडीतून, तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकातून दोरी ओवलेली असते. तिला हिसका बसला की वेदनेने ते उभे राहते. पिल्लू असतानाच त्याचे सुळे पाडलेले असतात. आणि ते पिल्लू मिळवायला बहुधा त्याची आई मारावी लागते. हे मला पुष्कळ पुढे, वाचनातून कळले.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा खेळ कित्येक वर्षे चालूच होता. कारण सरळ आहे. अस्वल जप्त केले तर ते ठेवायचे कोठे? आणि दरवेशाने खायचे काय? कलंदर जमातीची कित्येक पिढ्यांची उपजीविका त्या दोरीला बांधलेली होती. 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने २००२ साली आग्र्याजवळ अस्वलांसाठी आश्रयस्थान काढले, तेव्हा या दोन्ही प्रश्नांना एकत्र हात घातला. अस्वल स्वाधीन करणाऱ्या कलंदर कुटुंबाला दुसरा धंदा उभा करायला मदत आणि मुलांना शाळा. सहाशेहून अधिक अस्वले अशी गोळा झाली आणि २००९च्या अखेरीस रस्त्यावरचा अस्वलाचा नाच संपुष्टात आला. आपल्या भोपाळच्या वनविहारातही अशा अस्वलांसाठी जागा झाली.

आता या अस्वलांचा विचार करा. सुळे नाहीत, नाक फाटलेले, कित्येकांना मोतीबिंदू, कित्येकांना क्षय. हा क्षय बहुधा माणसाच्या सहवासातून आलेला. यांना रानात सोडणे म्हणजे देवळाच्या पायरीवर सोडणेच. म्हणून त्यांना धान्याची लापशी, फळे आणि मध मिळतो, दातांवर आणि डोळ्यांवर उपचार होतात, खणायला माती आणि चढायला झाड मिळते. त्यांना पुन्हा नाचावे लागत नाही. मात्र नाकातली दोरी काढल्यावरही काही अस्वले महिनोन् महिने जागच्या जागी डोलत राहतात. शरीराला लागलेली ती सवय सुटायला वेळ लागतो, आणि काहींची ती सुटत नाही.

सर्कशीतील सिंहांची कथा अशीच आहे, फक्त तिच्यात राज्यसंस्थेचा वाटा अधिक. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्या दिवशी आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण सर्कशीच्या पिंजऱ्यात जन्मलेले, आफ्रिकी आणि आशियाई रक्ताची सरमिसळ झालेले ते सिंह कोठे जाणार होते? गीरमध्ये नव्हे, आणि आफ्रिकेतही नव्हे. त्यांचे रान असे पृथ्वीवर कोठेच नव्हते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या पुढाकाराने बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, वंडलूर अशा ठिकाणी त्यांच्यासाठी आश्रयकेंद्रे झाली. त्यांचे प्रजनन होऊ द्यायचे नाही आणि असलेल्यांना अखेरपर्यंत सांभाळायचे, असे धोरण ठरले. म्हणजे ज्या घराण्याचा पुढे वंश चालणार नाही, त्यातल्या प्रत्येकाचे म्हातारपण काढणे. या कामात मिरवण्यासारखे काही नसते. नव्या पिल्लाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. सांधे दुखणाऱ्या सिंहिणीला औषध घालून मटण भरवणाऱ्या रखवालदाराचे येत नाही.

महाराष्ट्रात या कामाचे नाव घ्यायचे तर हेमलकशाचे घ्यावे लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी गडचिरोलीच्या भामरागड भागात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात सहा-सहा महिने जगाशी संबंध नाही. ते प्राण्यांसाठी गेले नव्हते. माडिया गोंडांच्या आरोग्यासाठी गेले होते. प्राणी नंतर आले. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतले. तेथून त्या अनाथालयाची सुरुवात झाली.

या प्रसंगाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. डॉक्टरांनी त्या लोकांना अहिंसेवर प्रवचन दिले नाही. भुकेने शिकार करणाऱ्याला तुपाची पोळी खाणाऱ्याने उपदेश करायचा नसतो. शिकारीत मोठे जनावर मारले गेले तर त्याचे पिल्लू आमच्याकडे आणून द्या, बदल्यात आम्ही तुम्हाला धान्य-कपडे देऊ, असा सरळ व्यवहार झाला. पुढे शेती सुधारली, दवाखाना चालला, शाळा निघाली, तसतशी शिकारही कमी होत गेली. मुलांची शाळा, माणसांचा दवाखाना आणि प्राण्यांचे अनाथालय एकाच आवारात असणे हा मला योगायोग वाटत नाही. 'माणसे उपाशी मरत असताना वाघाला मटण कशाला' हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. तो बहुधा असा माणूस विचारतो, ज्याने उपाशी माणसालाही काही दिलेले नसते. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे आदिवासींच्या जखमा धुतल्या, त्यांना तो प्रश्न पडलेला दिसला नाही.

हेमलकशाच्या या प्राण्यांवर मराठीत चांगले लेखन झाले आहे; विलास मनोहर यांचे 'नेगल' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'रानमित्र' ही दोन पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असायलाच हवीत. नसल्यास ती मी आज सोबत आणली आहेत. 'नेगल' हा बिबट्या. पिल्लू म्हणून घरात आला, घरातल्यांसोबत वाढला. अशा प्राण्याला पुढे जंगलात सोडून दिले असते, तर तो पहिल्याच खेड्यात माणसाच्या जवळ, ओळखीने, गेला असता. आणि माणसाने कुऱ्हाड घेतली असती. त्याला न सोडण्याचे कारण माया एवढेच नव्हते.

मात्र येथे मी एक मतभेदही नोंदवतो. हेमलकशाची छायाचित्रे पाहून अनेकांना वाटते की बिबट्याला कुशीत घेणे म्हणजे प्राणिप्रेम. आमट्यांनी ज्या परिस्थितीत ते केले, ती परिस्थिती आज कोठेही नाही, आणि त्याची नक्कल कोणी करू नये. आजचे शास्त्र सांगते की रखवालदाराने शक्य तितके दूर राहावे, प्राण्याला लपायला जागा द्यावी, त्याला माणसाची नव्हे तर झाडाची, पाण्याची आणि शक्य तेथे आपल्या जातीच्या सोबतीची ओळख ठेवू द्यावी. १९९१च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय प्राधिकरण आले आणि कोणालाही परवानगीवाचून वन्यप्राणी ठेवता येईनासा झाला. ते योग्यच झाले. नाहीतर 'अनाथालय' अशी पाटी लावून तिकिटे विकणारे काही कमी निघाले नसते.

'सोडून द्या' या हट्टाची किंमत काय असते, हे जुन्नरने दाखवले. उसाच्या शेतात बिबटे वाढले, हल्ले झाले. २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असे दिसले की या सोडण्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर भेदरते, आपल्या मूळ जागेकडे परतू पाहते. मग जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालू झाले. तेथले काही बिबटे तीन पायांचे, काही आंधळे, काही पिल्लू असतानाच ऊसतोडीत सापडलेले. ही व्यवस्था उत्तम आहे असे मी म्हणत नाही. पिंजऱ्यातला बिबट्या पाहून आनंद होणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

याच्या उलट बाजूची दोन उदाहरणे, तीही आपल्याच पेंच-कान्ह्याच्या टापूतली. कान्ह्यात अनाथ झालेल्या दोन वाघिणी मोठ्या कुंपणात, माणसाचे दर्शन कमीत कमी होईल अशा रीतीने वाढवल्या. त्यांना जिवंत भक्ष्य मारायला शिकू दिले आणि २०११ साली पन्ना येथे रानात सोडले. तेथे त्या जगल्या, त्यांना पिल्लेही झाली. वाघ नाहीसे झालेले पन्ना पुन्हा वसवण्यात या अनाथ पोरींचा वाटा आहे. दुसरे उदाहरण यवतमाळच्या 'अवनी' वाघिणीच्या लेकीचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनीला गोळी घातली गेली. डिसेंबरात तिची मादी पिल्लू पकडून महाराष्ट्राच्या पेंचमध्ये तितरालमांगीच्या कुंपणात ठेवली. दोन वर्षांहून अधिक काळ तिला रानासाठी तयार केले आणि मार्च २०२१ मध्ये सोडले. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि त्याच महिन्यात गेली. ज्यांनी तिला सोडले त्यांनी हलगर्जी केली असे मला वाटत नाही. प्रयत्न करण्याजोगा होता. पण रान म्हणजे मोकळे पटांगण नव्हे. तेथला प्रत्येक कोपरा कोणाच्या तरी मालकीचा असतो, हे आपण शहरात बसून विसरतो.

मग यापेक्षा मारून टाकणे बरे नव्हे काय? हा प्रश्न क्रूर वाटला तरी तो टाळता येणार नाही. पाश्चात्त्य देशांत जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या अनेक संस्था, प्राणी रानात परत जाण्याजोगा नसेल तर, त्याला वेदनारहित मरण देतात आणि तेच दयेचे मानतात. आपल्या कायद्यातही, बरा होण्यापलीकडे गेलेल्या प्राण्याच्या बाबतीत तशी मुभा आहे. आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत मोठा वाद १९२८ साली साबरमती आश्रमात झाला. असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी सुई देऊन मरण दिले. वासरू, आणि तेही गांधींच्या आश्रमात! देशभरातून संतापाची पत्रे आली. गांधीजी मागे हटले नाहीत. जेथे सेवा करून वेदना हलकी करता येत नाही तेथे जीव घेणे ही हिंसा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मला त्यातील 'सेवा करता येत नाही' ही अट निर्णायक वाटते. वासराची सेवा शक्य नव्हती. तीन पायांच्या बिबट्याची शक्य आहे. फक्त ती महाग, कंटाळवाणी आणि पंधरा वर्षे चालणारी आहे. मरण देण्याचे कारण त्याची वेदना असेल तर मी गांधींच्या बाजूचा. आपला कंटाळा असेल तर नव्हे.

मुंबईच्या पांजरपोळाचा जन्मही अशाच पेचातून झाला. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, शहरात दंगा उसळला. आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ काढला. म्हणजे पोसण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पण पांजरपोळात आणून सोडले की आपले कर्तव्य संपले, ही परंपराही तिच्याच शेजारी वाढली. आपल्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळी खाऊ घालतात. तो बैल थकल्यावर कोणत्या बाजारात जातो, हे मी येथे विचारत नाही. प्रत्येकाने आपापल्या गोठ्यापुरते ते ठरवले आहेच.

२०२५ साली कोल्हापूरकडे नांदणीच्या मठातील 'महादेवी' ऊर्फ 'माधुरी' हत्तिणीवरून जे घडले, ते याच संदर्भात पाहावे. तीन दशकांहून अधिक काळ ती तेथे होती. तिच्या पायांची, नखांची अवस्था पाहून उच्च न्यायालयाने जुलैत तिला जामनगरच्या 'वनतारा'त हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि निरोपाच्या वेळी हजारो लोक रडले. ते अश्रू खोटे होते असे म्हणणे उद्दामपणाचे ठरेल. आणि तिचे पाय दुखत नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे. प्रेम आणि निगा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच ठिकाणी असतातच असे नाही. हत्तीला दररोज मैलोन् मैल मऊ मातीवर चालायचे असते. आपण त्याला फरशीवर उभे करतो आणि नमस्कार करतो.

निगा म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. शंभरएक किलोमीटरवर नागपूर आहे. सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वाघांच्या पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या आणि कूलर लागतात. मांस दररोज तपासून, तोलून घालायचे. आठवड्यातून एक दिवस उपास, कारण रानातला वाघही रोज जेवत नाही. (वाघाचा वार पाळण्यात खंड पडत नाही, आमच्या एकादशीत पडतो.) आणि एवढे करूनही डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. जे रानात स्वतःचे भक्ष्य स्वतः निवडतात त्यांना आपण काय वाढतो, यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. सांभाळण्याचे ओझे म्हणतात ते हेच. प्राण्याने आपल्याकडे काही मागितलेले नसते. पण एकदा दार लावून घेतले की त्याचे पाणी, त्याची सावली, त्याचे मरण, सारे आपल्या खात्यावर येते.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, 'पाळणे'. आपण जनावर पाळतो, आणि शब्दही पाळतो.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या भागात बिबट्या विहिरीत पडण्याच्या घटना का होतात? विहिरींना कठडे नसतात म्हणून. संत्र्याच्या बगीच्यात आणि उसात पिल्ले सापडली की मुले ती घरी आणतात. आई बहुधा जवळच असते आणि रात्री परत येते. पिल्लू जागेवरून हलवले नाही आणि वनखात्याला कळवले, तर पुष्कळदा मायलेकरांची भेट होते. हलवले तर जन्माचा पिंजरा. तेव्हा विद्यार्थ्यांनो, सापडलेले पिल्लू उचलू नका. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडणे हा गुन्हा आहे, हे तुमच्या घरी सांगा. ती तार डुकराला, वाघाला आणि शेजारच्या मजुराला निरनिराळे ओळखत नाही.

आणि शाळेला माझी एक विनंती. भोपाळच्या वनविहारात वन्यप्राणी दत्तक योजना आहे. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या खाण्यापिण्याचा खर्च वर्षभरासाठी उचलता येतो. या व्याख्यानाचे मानधन मी त्यासाठी मुख्याध्यापकांकडे ठेवले आहे. ते पुरणार नाही. उरलेले माजी विद्यार्थ्यांनी घालावे. प्राणी कोणता घ्यायचा हे मुलांनी ठरवावे. वाघाला दत्तक घेणारे पुष्कळ असतात, म्हणून माझे मत विचाराल तर एखादे म्हातारे अस्वल घ्यावे. दत्तक गेलेला मुलगा घराण्याचे नाव लावतो, श्राद्ध-पक्ष करतो. हा दत्तक यातले काही करणार नाही, आणि तुम्ही भेटायला गेलात तर तुमच्याकडे पाहीलच असेही नाही. शिवाय रक्कम एकदा भरून भागणार नाही, दरवर्षी भरावी लागेल. त्याची नोंद कोणी ठेवायची, हे आजच्या सभेनंतर कार्यालयात बसून ठरवावे.